भुकेसाठी मिस्सा

आमच्या गावाने फार थोड्या गोष्टींचा नीट विचार केला असेल, पण दुसऱ्याच्या घरात कोण काय खातं याचा मात्र मन लावून केला. वसईत गासच्या पलीकडचं आमचं गाव. केळीच्या वाड्या, थोडी भातशेती, मध्ये एक क्रूस आणि त्या क्रुसाभोवती बारा महिने तेरा काळ चालणाऱ्या चौकशा. माझ्या धाकट्या बहिणीबद्दल लिहायचं तर या गावाबद्दल लिहावंच लागतं, आणि गावाबद्दल मला चांगलं काही लिहिता येत नाही. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंड वाकडं करायला नको.

धाकटी जन्मली तेव्हा मी आठ वर्षांची होते. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. तिला पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ती दोन्ही बाजूंनी ओघळायला लागली. लहान बाळ कसं असतं हे मला शेजारपाजारच्या घरांतून ठाऊक होतं. ते मुठी आवळतं, पाय झाडतं, उचललं की अंग ताठ करतं. हिचे हातपाय जिथे ठेवावेत तिथेच राहायचे. आईने छातीशी धरलं की तोंड उघडायची आणि तसंच उघडं ठेवायची. दूध ओढायचं असतं हे तिला उमगतच नव्हतं. आईने तिला बोंडल्याने थेंब थेंब पाजून जगवलं. एक बोंडलं संपायला तासभर लागायचा, आणि ते संपेपर्यंत पुढच्याची वेळ व्हायची. तिचं रडणं इतकं बारीक होतं की ती पडवीत असली तर चुलीपाशी ऐकू येत नसे.

"गुनी पोर गो तुजी," शेजारची काकी आईला म्हणायची. "रडत नाय की काय नाय."

ही काकी आमच्या नात्यातली नव्हती. तिची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये एक कुंपण होतं आणि त्या कुंपणाला कायमचं एक भगदाड होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी धाकटीला तिनेच हातात धरलं होतं, म्हणजे ती तिची धर्ममाता. त्या नात्याच्या जोरावर ती आमच्या स्वयंपाकघरात कधीही यायची, भांड्यांवरची झाकणं उघडून बघायची आणि मत देऊन जायची. तिला दयाळू म्हणून गावात मान होता. मी तिच्याइतकी दयाळू बाई दुसरी पाहिली नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

धाकटीचे केस भुरे निघाले. आम्ही सगळे बाबांसारखे काळेसावळे, केस कोळशासारखे, आणि ही गोरी, पिंगट केसांची, डोळे बदामी आकाराचे. ते आजाराचंच एक लक्षण होतं, पण हे आम्हाला कळायला अकरा वर्षं जायची होती. तोवर काकीने निदान करून टाकलं होतं, की पोर्तुगीज रक्त वर आलंय. वसईत ही एक सोय आहे. कुणाचं पोर गोरं निघालं की चारशे वर्षांपूर्वीच्या शिपायांवर ढकलता येतं, आणि ते ऐकताना त्या पोराच्या आईला मान खाली घालावी लागते. आई मान खाली घालायची. मला तेव्हाही वाटायचं की हिने एकदा तरी चुलीतलं लाकूड उचलावं.

माणिकपूरच्या डॉक्टरांनी भूक लागण्याचं टॉनिक दिलं. लाल, गोड, चिकट. त्याने काही झालं नाही. मग आईने क्रुसासमोर गुडघे टेकून नवस बोलला की माझी पोर आपल्या हाताने पोटभर जेवू दे, मी चर्चमध्ये उपकाराची मिस्सा, म्हणजे आभाराची उपासना, सांगेन आणि मे महिन्याच्या प्रार्थनेला सबंध गावाला चणे वाटेन. आमच्याकडे मे महिन्यात रोज संध्याकाळी क्रुसाजवळ माळेची प्रार्थना होते. दर दिवशी एकेका घराची पाळी, आणि प्रार्थना संपली की त्या घराने उकडलेले चणे वाटायचे. भाविकांची निम्मी भक्ती त्या चण्यांवर असते, पण ते असो.

धाकटी अडीच वर्षांची होऊन चालायला लागली. तीन वर्षांची झाली आणि एका दिवशी तिने आपलं ताट संपवलं. मग माझं संपवलं. मग उठून रात्रीसाठी ठेवलेली पेज प्यायली. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बाबा, जे माणिकपूरच्या एका कचेरीत कारकून होते आणि घरी कधी दोन शब्द जास्त बोलत नसत, त्यांनी त्या दिवशी बाजारातून अंडी आणली.

मग आम्ही उपकाराची मिस्सा सांगितली. भूक आली म्हणून देवाचे आभार मानले. फादरांनी वेदीवरून सांगितलं की एका आईच्या प्रार्थनेला देवाने उत्तर दिलंय. मे महिन्यात आमची पाळी आली तेव्हा आईने दोन पातेली चणे उकडले, खोबरं घालून, आणि धाकटीला नवा फ्रॉक घालून क्रुसाच्या पायरीवर बसवलं. येणारा प्रत्येक जण चणे घेऊन त्यातले चार तिच्या तोंडात घालायचा. ती तोंड उघडायची, गिळायची, पुन्हा उघडायची. गाव टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवत होते. जगात दुसऱ्या कुठल्या गावाने एखाद्या रोगाच्या दुसऱ्या टप्प्याचं असं वाजतगाजत स्वागत केलं असेल असं मला वाटत नाही.

ती भूक पुढे थांबलीच नाही.

पहिलं वर्षभर कौतुक. मग ती कचऱ्यातल्या केळीच्या साली खाताना दिसली. कोंबड्यांचं खाद्य खाताना दिसली. आमच्याकडे सुकेळी व्हायची, म्हणजे पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची. ती वाळत घातली की मला शाळा बुडवून राखण करावी लागायची, कावळ्यांपासून नव्हे, बहिणीपासून. खाण्याच्या बाबतीत तिची अक्कल माझ्यापेक्षा चौपट चालायची. कुणाच्या घरी कुठल्या वारी काय शिजतं, कुठला डबा कुठे ठेवलाय, कुणाच्या दाराला आतून कडी नसते, सगळं पाठ. आणि त्याच पोरीला पाढे मात्र येत नव्हते. देवाच्या फाटलेल्या तसबिरीचे तुकडे दिले तर ती ते मिनिटात बरोबर जोडायची, पण पाचात दोन मिळवले की किती, हे विचारलं तर रडायची.

इतरही गोष्टी होत्या, आणि गावाकडे प्रत्येकीचा खुलासा होता. तिचे हातपाय वाढेनात. दहाव्या वर्षी तिला सहा वर्षांच्या मुलीच्या बांगड्या व्हायच्या. काकी म्हणाली, नाजूक हाताची आहे, राज्य करील. मिस्सेत ती बसल्या जागी झोपायची, भर दुपारीसुद्धा झोपायची. फादर म्हणाले, निष्पाप जीव. डास चावला की ती ती जागा नखाने उकरत राहायची, महिनोन्‌महिने, पोटऱ्यांवर सगळे व्रण. गाव म्हणालं, आई लक्ष देत नाही. एकदा तिच्या पायात खिळा घुसला आणि ती तशीच घरभर फिरली. रक्ताचे ठसे पाहून आम्हाला कळलं. तेव्हा गाव म्हणालं, शूर आहे. सांगितलेल्या वेळेला सांगितलेली गोष्ट झाली नाही तर ती जमिनीवर लोळून किंचाळायची, तासभर, आणि तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत व्हायचं की दोन थोबाडीत द्यायला हव्यात.

मी दिल्या आहेत. हे लिहून ठेवते.

शाळेत मला तिची बहीण म्हणून ओळखत. डबा खाण्याच्या सुट्टीत ती बाकांवरून फिरायची आणि मुली तिला नाचायला लावून एकेक तुकडा द्यायच्या. मी त्या मुलींचा तिरस्कार करत होते, पण त्यातली एकही माझ्याइतक्या वेळा तोंड फिरवून तिथून निघून गेली नसेल.

ती अकरा वर्षांची असताना वजनाने तिचे गुडघे आत वळले. बाबांच्या कचेरीतल्या साहेबांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही तिला मुंबईला एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे एक बाई डॉक्टर होत्या, वयस्क, चष्मा नाकावर उतरलेला. त्यांनी धाकटीला काही विचारलं नाही. तिचा हात हातात घेतला, पंजा उलटासुलटा करून पाहिला, मग आईकडे वळून म्हणाल्या, "जन्मल्यावर ही दूध ओढत नव्हती ना?"

आई म्हणाली, "नाय."

"अंग सैल होतं? रडणं बारीक होतं?"

"व्हय."

"आणि तीनेक वर्षांची झाल्यावर एकदम खायला लागली. तुम्हाला आनंद झाला असेल."

आई तिथेच, डॉक्टरांच्या टेबलापाशी, तोंडावर पदर धरून हुंदके द्यायला लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या घरात न येता तिच्या घरात काय झालं ते बरोबर सांगत होतं. बाईंनी पुढची लक्षणं एकेक करून विचारली, केस, झोप, जखमा उकरणं, दुखल्याचं न कळणं, आणि प्रत्येकीला आईची मान हलत होती. त्या आजाराला दोन परदेशी डॉक्टरांची नावं होती. बाबांनी ती चिठ्ठीवर लिहून घेतली आणि आयुष्यभर खिशात ठेवली, पण त्यांना ती कधी नीट म्हणता आली नाहीत.

बाईंनी सोप्या भाषेत सांगितलं. जन्माच्या आधीच, शरीर घडवणाऱ्या सूचनांतला एक बारीकसा तुकडा हिच्यात राहून गेलाय. पोट भरलं हा निरोप हिच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. ती खादाड नाही, हट्टी नाही, तिला खरोखर सतत उपाशी वाटतं. औषध नाही. एकच इलाज, अन्न कुलपात ठेवा, मोजून द्या, आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांनी आणि शेजाऱ्यांनीही पाळायला हवी. शेवटी त्या म्हणाल्या, "हिला ओकारी सहसा होत नाही, पोटात दुखलेलंही पटकन कळत नाही. कधी हिने अन्न नको म्हटलं, तर समजा जिवावर बेतलंय. त्याच पावली घेऊन या."

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "हे आमच्या घराण्याकडून आलं की हिच्या आईच्या?"

"कुणाकडूनच नाही," बाई म्हणाल्या. "असं बहुतेक वेळा आपोआप होतं. दुसऱ्या मुलीला, तिच्या मुलांना काही होणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघून हे सांगितलं. एकोणीस वर्षांची होते मी. त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्या पाया पडले असते.

घरी येऊन आईने कपाटाला कडी-कोयंडा बसवून घेतला. किल्ली गळ्यातल्या क्रुसाच्या दोऱ्यात. तांदळाचा डबा, साखर, पिकत घातलेली केळी, सगळं आत. धाकटी पहिल्या दिवशी कपाटापुढे बसून दुपारभर किंचाळली. दुसऱ्या आठवड्यात कमी. दोन महिन्यांनी, आईने ठरल्या वेळी ठरलेलं ताट वाढलं की ती शांत व्हायची. ठरलेली वेळ तिला आवडायची. तिचं वजन उतरलं, ती माझ्याबरोबर मोगऱ्याच्या कळ्या तोडायला यायला लागली आणि मी तिला हसताना पाहिलं. म्हणजे ते जमत होतं. फक्त गावाने गप्प बसायला हवं होतं.

गाव गप्प बसेल तर ते गाव कसलं. आमच्याकडे दारात आलेलं लहान पोर रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत. फार जुनी रीत आहे, आणि ती पाळताना माणसाला आपण किती चांगले आहोत हे फार स्वस्तात वाटून घेता येतं. काकीने ती धर्माप्रमाणे पाळली. कुंपणाच्या भगदाडातून भाकरी, केळं, रात्रीचा भात. आईने जाऊन हात जोडले. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

"डाक्टरान्ला काय कळतंय गो," काकी म्हणाली. "पोटच्या पोरीला कुलूप घालतंस, देव बघत नाय काय? माज्या दारात येईल तर मी देनार. माजी धर्माची पोर हाय ती."

मग बाबा गेले. ते फादरांकडेही गेले, निदान चर्चमध्ये सांगा म्हणून. फादरांनी सांगितलंही, पण त्या रविवारी सात महापापांवर प्रवचन होतं आणि त्यांनी ही गोष्ट खादाडपणाच्या पापात बसवली. धाकटी पुढच्या बाकावर झोपली होती. लोक वळून वळून बघत होते. त्यानंतर माझ्या आईला गावात नाव पडलं, कुलूपवाली. विहिरीवर, बाजारात, क्रुसाजवळ. पोरीला उपाशी मारणारी. ज्या बाईने थेंब थेंब दूध पाजून पोर जगवली तिला हे ऐकावं लागलं, आणि ऐकवणारे तेच होते ज्यांनी चणे भरवताना टाळ्या वाजवल्या होत्या.

मी बावीस वर्षांची झाले. माणिकपूरच्या एका शाळेत शिकवायला लागले. माझं पहिलं जमलेलं लग्न मोडलं, कारण मुलाच्या मावशीला कुणीतरी सांगितलं की हिच्या घरात रक्तात खोट आहे. डॉक्टरांचं वाक्य मी बाबांना कागदावर लिहून दिलं होतं. त्यांनी तो कागद मुलाच्या वडिलांना दाखवला. त्यांनी तो न वाचताच परत दिला.

दुसरं स्थळ आलं ते फार चांगलं होतं. माणिकपूरचेच लोक, मुलगा सरकारी नोकरीत, दोन वेळा शाळेच्या दारात भेटून बोललेला. मला तो आवडला होता. स्पष्टच सांगायचं तर मला त्याच्याहून जास्त हे आवडलं होतं की मी या गावातून जाईन. रविवारी दुपारी त्याच्या घरची माणसं येणार होती.

मी आईला म्हटलं, "धाकटीला मागे ठेव. ते गेल्यावर सांगू."

आई म्हणाली, "ती या घरची हाय. समोर बसेल. ज्याला ती नको त्याला तू पन नको."

आईचं हे बोलणं किती खरं होतं ते मला तेव्हाही कळलं होतं. मला ते परवडत नव्हतं, इतकंच.

रविवारी सकाळपासून आई चुलीपाशी होती. मैद्याचे तळलेले फुगे, कोंबडीचा रस्सा, अंड्याचा केक. प्रत्येक पदार्थ झाला की कपाटात आणि कपाटाला कुलूप. दुपारी हात पिठाने भरलेले म्हणून तिने मान वाकवली आणि दोरा गळ्यातून काढून किल्ली मला घ्यायला लावली. धाकटी सकाळपासून एकच विचारत होती. "ताय, पावने कवा येनार? ताय, फुगे किती हायत? ताय, मला किती?" मी वीस वेळा उत्तर दिलं. एकविसाव्यांदा तिच्या आवाजाला ती धार आली. पाहुणे एक तास उशिरा येणार असा निरोप आला होता, आणि ठरलेल्याला उशीर झाला की काय होतं ते मला चौदा वर्षं ठाऊक होतं. ती अंगणात लोळून किंचाळते आहे आणि फाटकातून माझी होणारी सासू आत येते आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

आई तोंड धुवायला विहिरीवर गेली होती. मी कपाट उघडलं. फुग्यांचं एक सबंध पातेलं काढलं, वर रस्सा घातला, केळ्यांची एक फणी घेतली. धाकटीचा हात धरून तिला मागच्या वखारीत नेलं, जिथे आम्ही केळीचे घड ठेवायचो. पातेलं तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, "हे सगळं तुझं. पण बाहेर यायचं नाही आणि आवाज करायचा नाही. कळलं?"

तिने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सगलं?"

"सगळं."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी आधी पाहिलं नव्हतं. मी बाहेरून कडी लावली. कपाट बंद केलं आणि किल्ली आईला परत दिली.

पाहुणे आले, बसले, जेवले. वखारीतून आवाज आला नाही. "धाकटी खय?" आईने हळूच विचारलं. मी म्हटलं, झोपलीय. ती दुपारी झोपायचीच, त्यामुळे आईने विश्वास ठेवला. माझ्या सासूने केक दोनदा घेतला. जाताना त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस केला, म्हणजे पसंत.

कडी मी काढली ती सगळे गेल्यावर. पातेलं घासल्यासारखं स्वच्छ होतं. त्यात नवल नव्हतं, पण भिंतीवर टांगलेल्या पिकल्या घडाच्याही फण्या गेल्या होत्या. मी तो घड विसरले होते. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, पोट ताठ, आणि झोपेत नव्हती. मी पातेलं विहिरीवर नेऊन विसळलं आणि जागेवर ठेवलं. संध्याकाळी काकी भगदाडातून आली, पोट बघून तिने ओवा चावायला दिला आणि म्हणाली, कायतरी बाधलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने तिच्यापुढे चहा आणि पाव ठेवला. तिने मान फिरवली.

आईने पाव तिथेच टाकला आणि बाबांना हाक मारली. ती हाक मी कधी विसरणार नाही. त्याच पावली आम्ही तिला मुंबईला नेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पोट ताणून ताणून काळं पडलंय, एवढं खायला मिळालं कुठून? आई म्हणाली, मला म्हाईत नाय.

मला माहीत होतं. मी तिथेच बाकावर बसले होते.

तिसऱ्या दिवशी धाकटीला थोडी शुद्ध होती. आई पलंगाशी वाकून तिच्या केसांतून हात फिरवत होती. तिने काही विचारलंच नव्हतं. धाकटी आपणहून म्हणाली, "आय, मी चोरून खाल्लं. तायने नाय दिलं."

तिला खोटं धड बोलता येत नसे. चौदा वर्षांत जितक्या वेळा ती चोरताना सापडली तितक्या वेळा तिने नाही म्हटलं होतं, तोंडाला खरकटं तसंच. चोरलं असं ती कधीच कबूल करत नसे. त्या दिवशी पहिल्यांदा केलं, आणि मला वाचवायला जे वाक्य जोडलं त्यानेच सगळं सांगून टाकलं.

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे वळून म्हणाली, "व्हय बाय. तायने नाय दिलं."

त्याच संध्याकाळी धाकटी गेली.

मातीला सगळं गाव आलं. काकी सर्वांत जास्त रडली. नंतर अंगणात बायका बसल्या असताना तिने डोळे पुसले आणि जे विचारायला ती आली होती ते विचारलं. "कपाटाला तर कुलूप होता गो. मग पोरीने काडलं कसं?"

आई म्हणाली, "मीच उघडं ठेवलं. इसरलू."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बारा वाड्यांत ते संध्याकाळपर्यंत पोचलं. आधी जी पोरीला उपाशी मारत होती तिनेच शेवटी निष्काळजीपणाने खाऊ घालून मारली. काकी तर पुढे कित्येक वर्षं सांगायची, मी बोललेली तिला, कुलपाचं काय खरं नाय. मी त्या अंगणातच होते, पाणी वाटत होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढच्या बाईपुढे धरला.

लग्न सहा महिने पुढे ढकललं, मोडलं नाही. सासूबाई तर माझ्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या म्हणे, की एका अर्थी सुटलात. हे मी लग्नानंतर ऐकलं आणि त्यांच्याबद्दल मनात जी अढी बसली ती कधी गेली नाही. स्वतःबद्दल मला काय वाटायला हवं होतं, हा प्रश्न मी सोयीने पुढे ढकलत राहिले.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये घोषणा होते. वराचं नाव, वधूचं नाव, आईवडिलांची नावं वाचतात आणि मग फादर म्हणतात, या लग्नाला काही अडथळा कुणाला ठाऊक असेल तर त्याने तो सांगावा. पहिल्या रविवारी ते म्हणाले तेव्हा मी आईकडे पाहिलं. आई माझ्या शेजारी होती, काळी साडी नेसलेली, समोर वेदीकडे बघत. तिन्ही रविवारी ती तशीच बसली. तिन्ही रविवारी फादरांनी विचारलं आणि ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही.